चौथी सीट विसरा, सेंटर लाइन पकडा!

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरकरांना जागा पकडायला शिकवायला नको! पण फुटबॉल बघताना सगळ्यात पुढची सीट म्हणजे बेस्ट सीट नव्हे.

ठाण्याला ट्रान्सहार्बर पकडून नेरुळचं डी. वाय. पाटील गाठा. 2017च्या अंडर-17 वर्ल्ड कपचे सामने इथे झाले, पण मैदान मूळचं क्रिकेटचं. गोलपोस्टमागून खेळ लांब पडतो. सेंटर लाइनसमोर, वरच्या रांगेत बसा. छताचे खांबही आड येत नाहीत.

अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आटोपशीर. घाटकोपरहून मेट्रोनं आझादनगरला उतरायचं. इथे गोलमागेही धमाल! पासिंग नीट बघायचंय? मग बाजूचा स्टँड, थोडं वर.

आणि हो, रात्रीची मॅच असेल तर सीट जिन्याजवळचीच. शेवटची बदलापूर लोकल एक्स्ट्रा टाइम देत नाही!