पांढरीचा राखणदार

युसूफ वडगावाहून कळंबकडे निघालं की मांजरा ओलांडावी लागते. नदीपलीकडे जिल्हा बदलतो, रान बदलत नाही. तीच काळी, पूर्वी ज्वारीची, आता सोयाबीनची. आणि जुन्या गावाच्या अंगाला तीच पांढरी. आमच्या मराठवाड्यात धाब्यावर टाकायला माती हवी असली की लोक पांढरीवर गाडी जुंपून जात. फावड्याला खापर लागलं, की ते बाजूला भिरकवायचं. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे.

तेरला मात्र ते उचलून ठेवणारा एक माणूस निघाला.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. वारकऱ्याला तेवढी ओळख पुरते. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासनोंदीत हेच गाव ‘तगर’ म्हणून येतं: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचं. ते सगळं तेरणाकाठच्या टेकाडांखाली निजलेलं. पाऊस झाला की माती वाहते आणि मणी उघडे पडतात. रामलिंगप्पा लामतुरे याच गावचे. पुरातत्त्व खात्याची ना नोकरी, ना पगार. मणी, मृण्मूर्ती, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे जमवत राहिले. खापरं जमवणाऱ्या माणसाला गाव काय म्हणत असेल, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

१९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तेरला उत्खनन केलं. १९६० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांचं तेरवर पुस्तक निघालं, तेही लामतुऱ्यांच्या संग्रहाच्या आधारानं. या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर अभ्यासकांना थेट इटलीतल्या पाँपेईला नेते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली अशाच धाटणीची एक भारतीय मूर्ती मिळाली होती. तेरणेकाठचं गाव आणि ते रोमन शहर एका वाक्यात आणायचं, तर मधे ही लहानशी मूर्तीच लागते.

मला लामतुऱ्यांचं मोठेपण जमवण्यात कमी आणि देण्यात जास्त दिसतं. अशा वस्तूंना बाहेर गिऱ्हाईक असतं. एकेक विकत गेले असते तरी कुणी हात धरला नसता. त्यांनी सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, आणि संग्रहालय झालं ते तेरमध्येच. मुंबईच्या काचेत ते मणी अधिक झळकले असते. पण मग ज्या शेतकऱ्याच्या रानात ते निघाले, त्याला बघायला तिकीट काढून मुंबई गाठावी लागली असती. संग्रहालयाला आज रामलिंगप्पांचंच नाव आहे. सत्कार, शाल, नारळ यांहून हा मान मला पक्का वाटतो.

केज, अंबाजोगाई, कळंबकडची माणसं गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातातच. पुढच्या खेपेला समाधीवरून उठल्यावर तासभर या संग्रहालयातही काढा. आणि आपल्या गावच्या पांढरीत नांगराला काही लागलं, तर ते फेकू नका, विकू नका, तहसीलला कळवा.