रविवारची गोळी

बरेच दिवसांत इकडे फिरकले नव्हते. हे लिहायचं मात्र फार दिवसांपासून डोक्यात होतं. अडलं होतं ते आत्याच्या परवानगीवाचून. ती परवा फोनवर मिळाली. "लिही की, त्यात काय! फक्त माझं नाव घालू नकोस आणि मी बावळट होते असं लिहू नकोस." नाव घालत नाहीये. बावळट कोण होतं ते पुढे कळेलच.

सुरुवात माझ्यापासून करते, नाहीतर आत्याची गोष्ट समजणार नाही. 2016 च्या पावसाळ्यात माझे हात सकाळी उठल्यावर मिटेनासे झाले. दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना. तास-दीड तास असा गेला की मग बोटं हळूहळू आपली वाटायला लागायची. मी अडतीस वर्षांची होते, त्यामुळे हा संधिवात असेल असं घरात कोणाच्या मनात आलं नाही. संधिवात म्हणजे आजीचे गुडघे, असंच आपलं गणित असतं ना! सगळ्यांनी कॉम्प्युटरला दोष दिला. शेवटी रक्त तपासलं, सीआरपी वाढलेला, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. रुमॅटॉईड आर्थ्रायटिस.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर धावून जाते. घरच्या कुत्र्याने घरच्यांनाच चावत सुटावं तसं. नुसतं दुखणं थांबवून भागत नाही, कारण आतल्या आत हाड कुरतडलं जातं आणि ते परत भरून येत नाही. म्हणून त्या यंत्रणेलाच थोडं दाबायचं. पहिलं औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. त्याआधी छातीचा एक्स-रे, लिव्हर, किडनी, काविळीच्या तपासण्या. दारू बंद (ती नव्हतीच). मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी सांगा, कारण हे औषध पोटातल्या बाळाला चालत नाही. ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

केमिस्टच्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी बघून विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर आहे का?" मी घरी आले आणि ती स्ट्रिप कपाटात ठेवून दिली. तीन आठवडे. डॉक्टरांना सांगितलं, घेतेय म्हणून. खोटं बोलायची मला सवय नाही, पण ते अगदी सहज बोलले गेले. पुढच्या तपासणीत आकडे वाढलेले निघाले आणि डाव्या हाताचं एक बोट तेव्हापासून जे किंचित वाकलं ते आजही तसंच आहे. आता त्या तीन आठवड्यांनीच ते वाकलं असं काही म्हणता येणार नाही. पण मी त्याच्याकडे बघते तेव्हा मला ते तीन आठवडेच आठवतात.

मग भीती घालवायला मी वाचत सुटले. कळलं की कॅन्सरसाठी हेच औषध काही वेळा ग्रॅममध्ये देतात आणि आपल्याला आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. आणि त्याच्यामागची गोष्ट सापडली, ती तर मला इतकी आवडली की भेटेल त्याला ऐकवायचे.

गोष्ट मुंबईपासून सुरू होते. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई भारतात आल्या. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी इतक्या पांढऱ्याफटक व्हायच्या की त्यात जीव जायचा. या बाईंनी त्यांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास केला, माकडांवर प्रयोग केले, आणि 1931 मध्ये छापलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला फासायचं ते मार्माइट, या बायका बऱ्या होतात. त्यात जे काही होतं त्याला पुढे फॉलिक ॲसिड नाव मिळालं. ते कारखान्यात बनवण्याचं काम 1940 च्या दशकात अमेरिकेत लेडर्ली कंपनीत झालं आणि त्या चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. हे गृहस्थ अमेरिकेला जाण्याआधी मद्रासला आयुर्वेदाच्या कॉलेजात शिकवत होते! फॉलिक ॲसिडसारखंच दिसणारं पण नेमकं उलटं काम करणारं औषधही त्यांच्याच चमूने बनवलं. ते बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि 1948 मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. संधिवातासाठी फार्बर यांनी दिलेलं ते औषध वापरून बघायला 1951 मध्येच सुरुवात झाली होती, पण मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत त्या कामासाठी रीतसर मान्यता मिळायला 1988 उजाडलं.

म्हणजे बघा, माझ्या डब्यातल्या दोन गोळ्या एकमेकींच्या वैरिणी. एक फॉलिक ॲसिड, दुसरी त्याची वाट अडवणारी. आठवड्यातून एक दिवस वाट अडवायची आणि उरलेले सहा दिवस पहिली खाऊन शरीराची भरपाई करायची. मी रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट घेते. सोमवारी अंगात थोडी मरगळ असते, वरणाचा वास नको वाटतो. बाकी सगळं चालू आहे, हात मिटतो, लाटणं धरता येतं. (सोमवारी माझ्याकडे कोणी जेवायला येऊ नये, एवढं नातेवाईकांनी लक्षात ठेवावं. ☺)

आता आत्या. कऱ्हाडला असते. 2022 च्या दिवाळीनंतर तिची मनगटं सुजली आणि निदान तेच निघालं. वय अडुसष्ट. तिलाही तेच औषध लिहून दिलं आणि तीही माझ्यासारखीच अडून बसली. "कॅन्सरचं औषध मी कशाला खाऊ? मला काय कॅन्सर झालाय?" मग कोणीतरी कुठल्यातरी गावाहून पुड्या आणून दिल्या. त्यांनी चार दिवसांत जादूसारखं बरं वाटलं आणि महिन्याभरात तोंड सुजलं. त्या पुड्यांत काय होतं ते तपासलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, स्टेरॉईड असावं.

मग आतेभावाचा बहारीनहून फोन. "तूच समजाव तिला. तुझंच ऐकेल." मला काय, मी तयारच होते! गिरणीतल्या बायका, मार्माइट, सुब्बाराव, सगळं साग्रसंगीत सांगितलं. आयुर्वेदाच्या कॉलेजाचा उल्लेख आला तशी आत्या एकदम मवाळ झाली. "म्हणजे आपल्याच माणसानं काढलंय होय! मग आधी सांगायचं नाहीस का!"

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणल्या. मला फोन केला. गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहिलंही होतं, पण चिठ्ठी इंग्रजीत आणि चष्मा दुसऱ्या खोलीत. मी त्या वेळी ऑफिसातून निघत होते, एका हातात स्कूटरची किल्ली. मी म्हटलं, "अगं सोप्पं आहे आत्या. दोन छोट्या पिवळ्या गोळ्या आहेत ना? एक रविवारी घ्यायची, एक बाकीचे सहा दिवस. बस, एवढंच. घाबरायचं अजिबात नाही."

कोणती कोणत्या दिवशी, हे मी बोललेच नाही. मला इतकं पाठ होतं की ते सांगावं लागतं हेच सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यानंतरच्या बुधवारी तिचा फोन आला. तोंड आलं होतं. चहाही झोंबत होता. आणि आता हे लिहिताना माझे हात थांबतायत, कारण मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "या औषधाने येतं कधीकधी तोंड. ती दुसरी गोळी रोज घेतेस ना? न चुकता?"

"घेतेय की. रोज, न चुकता."

"मग होईल कमी. घाबरू नकोस."

ती खरंच न चुकता घेत होती. रविवारी फॉलिक ॲसिड, आणि सोमवार ते शनिवार, रोज रात्री जेवणानंतर, साडेसात मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट.

चूक पकडली ती केमिस्टने. शुक्रवारी दहा गोळ्यांची स्ट्रिप संपली म्हणून आत्याने शेजारच्या मुलाला रिकामी स्ट्रिप घेऊन नवीन आणायला पाठवलं. दुकानात त्या दिवशी मालक स्वतः बसले होते. त्यांनी तारीख बघितली, दहा गोळ्या म्हणजे अडीच महिने जायला हवेत, त्या बारा दिवसांत कशा संपल्या? त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. दुकान नोकरावर सोपवून ते त्या मुलाबरोबर घरी आले आणि आतोबांना म्हणाले, "काका, रिक्षा आणलीय. आत्ता निघायचं." आत्याच्या अंगात तेव्हा ताप होता. तिने तो कोणाला सांगितलाच नव्हता.

मी पहिली एसटी पकडून गेले. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात, त्या चौदाशेवर आल्या होत्या. प्लेटलेट्सही खाली. ओठ सोललेले, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी. सतत नवीन बनत राहणाऱ्या पेशींना या औषधाचा फटका आधी बसतो. हाडांतला मगज, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर. त्यात तिच्या किडन्या वयामुळे जरा मंदावलेल्या, आणि औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः तिथूनच. मी वेड्यासारखी डॉक्टरांना म्हटलं, मग आता फॉलिक ॲसिड भरपूर द्या ना! ते म्हणाले, त्याचा उपयोग नाही. फॉलिक ॲसिडला कामाच्या रूपात आणणारं जे एन्झाइम, त्यालाच तर मेथोट्रेक्सेट जाऊन चिकटलंय. दाराला कुलूप असताना बाहेर कितीही माणसं उभी केली तरी काय? त्यासाठी ल्युकोव्होरिन देतात. ते त्या दाराच्या पलीकडचंच असतं. त्याची इंजेक्शनं दर सहा तासांनी. जोडीला अँटिबायोटिक्स, पेशी वाढवणारं इंजेक्शन, आणि स्वतंत्र खोली, मास्क लावून आत जायचं.

तिसऱ्या रात्री मी एकटी तिच्यापाशी होते. पेशी अजून वर यायला तयार नव्हत्या. मी हळूच म्हटलं, "आत्या, मी नीट सांगितलं नाही गं." ती डोळे मिटूनच होती. बोलायला त्रास होत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भीती होती तेव्हा मी चिठ्ठी तीनदा वाचली असती."

ती मला बोल लावत नव्हती. मला वाटतं ती नुसतं आठवत होती. पण मी सात वर्षं अभिमानाने करत आले ते हेच होतं, लोकांची भीती घालवणं. माझा समज असा की भीती गेली की काम झालं. तिच्या जागी काय ठेवायचं याचा मी विचारच केला नव्हता. सुब्बाराव सांगायला मला वीस मिनिटं होती आणि स्ट्रिपवरचं नाव अक्षर लावून वाचून घ्यायला दोन मिनिटं नव्हती.

पाचव्या दिवशी आकडा एकवीसशे झाला. आतोबांनी तो कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला. अकराव्या दिवशी आत्या घरी आली. पहिल्यांदा मऊ भात, मग ताक. आतेभाऊ बहारीनहून आला होता. तो मला एका शब्दाने बोलला नाही, ते बोलण्यापेक्षा जड गेलं. (आता वाचतोयस तर सांगते, त्या वेळी बोलला असतास तर बरं झालं असतं.)

मेथोट्रेक्सेट तिला पुन्हा दिलं नाही. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन चालू आहे, वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायचे असतात. मनगटं आधीइतकी नाही तरी बरीच ठीक आहेत. लोणचं घालते, बरणी मात्र आतोबा उचलतात.

मी माझं औषध थांबवलं नाही. त्या महिन्यात मात्र दोन रविवार स्ट्रिप हातात धरून बसले होते, ते सोमवार झाल्यावर कळायचं. माझ्या डॉक्टरांना यावेळी खरं सांगितलं. त्यांनी माझ्या कागदावर जाड पेनने मराठीत 'फक्त रविवार' लिहिलं आणि म्हणाले, आता प्रत्येकाच्याच लिहितो. मी अजूनही लोकांना समजावते, अगदी कालच ऑफिसातल्या एकीला समजावलं. पण आता गोष्टी नंतर. आधी स्ट्रिप हातात घ्यायला लावते, नाव वाचून दाखवायला सांगते, वार विचारते, आणि मग तिलाच सगळं परत सांगायला लावते. तोंड आलं, ताप आला, धाप लागली किंवा कोरडा खोकला हटेना, तर मला फोन करायचा नाही, डॉक्टरांना करायचा, हेही.

दर रविवारी रात्री साडेआठला आत्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"हातात काय आहे? वाच."

मी वाचते. शाळेत वाचायचे तसं, एकेक अक्षर. ती पलीकडून ऐकून घेते आणि म्हणते, "हं. घे आता. पाणी भरपूर पी."