मालक, गट आणि इतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नेहमीची डागडुजी बंद झाली, आणि आमचा म्हातारा कॉम्प्युटर नव्या आवृत्तीला वयानं बाद ठरला. दिवाळीला चिरंजीव पुण्याहून बिलोलीला आले. "अण्णा, ह्याच्यावर लिनक्स टाकतो," म्हणाले, आणि फराळ होईतो टाकूनही मोकळे झाले.

लिनक्स हे प्रकरण फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलं. फुकट मिळतं. हे ऐकून आमची ही म्हणाली, "मग तो बिचारा खातो काय?"

चिरंजीव पुण्याला गेले आणि दुसऱ्याच दिवशी टर्मिनल नावाच्या काळ्या पाटीनं माझ्याकडे पासवर्ड मागितला. मी बटणं बडवतोय, पाटीवर एक अक्षर उमटेल तर शपथ! कीबोर्ड उलटा करून झटकला. शेंगदाण्याची टरफलं पडली, अक्षर नाही. शेवटी फोन लावला.

"काय करायलाव अण्णा? पासवर्ड दिसत नसतो. पण पोचतो."

एक गोष्ट मात्र मला एका दमात कळली. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीवर तिघांचे हक्क : मालक, गट आणि इतर. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. बेरीज ७ आली की पूर्ण सत्ता. ६४४ म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हे काय शिकवायचं? आमच्या घरातही हिचे ७ आहेत आणि माझे ४.

मग मी पेटलोच. वही घातली, आज्ञा उतरवल्या. मराठी कळफलक बसवला, प्रिंटर जोडला, दर रविवारी अंघोळीआधी अपडेट. दोन महिन्यांत कॉम्प्युटर असा सुतासारखा सरळ झाला की बिघडायचं नावच घेईना.

आणि इथंच घोटाळा झाला. पुण्याला फोन करायला कारण उरलं नाही. आमच्याकडे बापलेकांत कारणावाचून फोन करायची पद्धत नाही.

तीन रविवार कळ काढली. चौथ्या रविवारी हळूच प्रिंटरची वायर उपसली आणि फोन लावला. "अरे, प्रिंटर चालेना."

त्यानं अर्धा तास हे बघा, ते बघा केलं. मधे आईचे गुडघे झाले, त्याची नोकरी झाली, नातवाचा दात झाला. शेवटी म्हणाला,

"अण्णा, आता ती वायर लावा. पुढच्या रविवारी माऊसची काढा."