मुक्काम नसलेल्या वस्तू

वस्तू ज्या मातीत सापडली त्या मातीजवळच राहावी, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे वाचूनच मला त्रास व्हायचा. कार्ल्याचं चैत्यगृह डोंगरासकट पाहिलेल्या माणसाला काचेच्या पेटीतला इतिहास अर्धाच वाटतो. त्यामुळे भाचीकडे सिंगापूरला गेल्यावर तिने ‘एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम’ला जाऊ या म्हटलं, तेव्हा मला उत्साह नव्हता. एका शहराने पैसे मोजून साऱ्या आशियाची संस्कृती गोळा करायची, हेच मुळात मला पटत नव्हतं.

ते मत आज तसंच राहिलेलं नाही. ते बदललं एका बुडालेल्या जहाजामुळे.

सिंगापूर नदीच्या काठावर, एम्प्रेस प्लेस या ब्रिटिश काळातल्या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावर नवव्या शतकातल्या एका जहाजावरचा माल मांडला आहे. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ ते समुद्रतळाशी सापडलं. माल चिनी, तांग राजवटीतला. जहाजाची बांधणी मात्र अरबी समुद्रातली: खिळा न वापरता फळ्या दोरीने शिवून केलेली. लाकूड तपासल्यावर त्यात आफ्रिकेतलं लाकूड आढळलं, सागही आढळला. माल होता साधारण साठ हजार नग. त्यातले बहुतेक वाडगे छांगशाच्या भट्ट्यांमधले, घाऊक प्रमाणावर बनवलेले, आणि तरीही प्रत्येकावर हाताने रंगवलेलं काहीतरी निराळं: पक्षी, फूल, ढग, मासा, कुठे चिनी ओळी, तर कुठे अरबी अक्षरांसारख्या रेघोट्या. एका वाडग्यावर तारीख कोरली आहे, ती इसवी सन ८२६ची. प्रवासात फुटू नयेत म्हणून हे वाडगे मोठ्या रांजणांत चकलीच्या वेढ्यांसारखे गोल रचून भरले होते. मालात चक्रीफूलसुद्धा सापडलं.

त्या दालनात माझा प्रश्नच अडला. या वाडग्यांची माती कोणती? भट्टी चीनमधली, गिऱ्हाईक बहुधा पश्चिम आशियातलं, जहाज अरबी घडणीचं, बुडालं इंडोनेशियात. ‘परत कुठे पाठवा?’ याला उत्तरच नव्हतं. ज्या घरांसाठी ते बनवले, त्या घरांत ते कधी पोहोचलेच नाहीत.

याच मालातल्या तीन पांढऱ्या-निळ्या ताटल्यांपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. चिनी मातीच्या पांढऱ्या-निळ्या भांड्यांचे अखंड मिळालेले हे सर्वांत जुने नमुने मानले जातात. आपण ज्याला अस्सल चिनी काम म्हणतो ते हेच. पण त्यावरची नक्षी पश्चिम आशियातल्या आवडीची, आणि निळाईसाठी लागणारं कोबाल्टही तिकडूनच आलं असावं. म्हणजे चीनची जगभर ओळख ठरलेली गोष्ट घडत होती ती परक्या गिऱ्हाइकाच्या पसंतीकडे बघत. हे मला कुठल्याही एका देशाच्या संग्रहालयात इतकं स्वच्छ कळलं नसतं. बंदराच्या गावातच ते कळावं, हेही मला आता योग्य वाटतं.

या मालाबद्दल एक कडू गोष्ट आहे, ती झाकून ठेवू नये. हे जहाज पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, एका खासगी कंपनीने परवाना घेऊन वर काढलं. त्या पद्धतीवर कडक टीका झाली आणि वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये ठरलेलं प्रदर्शन त्यामुळे २०११ साली थांबलं. टीका रास्तच होती. तळाशी कोणती वस्तू कशाशेजारी होती, ही माहिती घाईत गेली की कायमची जाते. पण सिंगापूरने २००५ साली सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मोजून माल एकत्र विकत घेतला नसता, तर तो लिलावात विखुरला असता. १९८६ साली ॲमस्टरडॅमला एका डच जहाजावरच्या चिनी भांड्यांचं तसंच झालं. लाखावर नग जगभरच्या घरांत गेले. पैसे मोजून जमवलेल्या इतिहासाबद्दलचा माझा राग या ठिकाणी मावळला.

सगळा मात्र नाही. याच संग्रहालयाने २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून साडेसहा लाख डॉलरला उमा परमेश्वरीची चोळकालीन कांस्यमूर्ती घेतली होती. ती तमिळनाडूतल्या शिवमंदिरातून चोरलेली निघाली आणि २०१५ मध्ये ती भारताला परत द्यायचं ठरलं. तेच बरोबर होतं. पूजेतल्या देवीला घर असतं, तिची वाट पाहणारं गाव असतं. विक्रीसाठी निघालेल्या वाडग्याचं तसं नाही. आधी मी दोघांना एकच न्याय लावत होते, आता लावत नाही.

तिथून परतल्यावर मला आपली संग्रहालयं वेगळी दिसू लागली. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आहे. ती कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या १९४४-४५ मधल्या उत्खननात सापडली. पंचगंगेकाठी समुद्रदेव! तेरला, गोरोबाकाकांच्या गावात, एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या जवळची वाटावी अशी दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. पाँपेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार गेलेली. तेर हेच ग्रीक नोंदींतलं तगर मानलं जातं. तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे गलबतावर चढे.

पाँपेईची ती मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे; ती परत मागा, असं पूर्वी मी म्हटलं असतं. आता माझी मागणी निराळी आहे. तेरची मूर्ती, नेपल्सच्या मूर्तीची प्रतिकृती आणि दोघींमधल्या वाटेचा मोठा नकाशा एकाच दालनात, शाळेतल्या मुलांना वाचता येईल अशा मराठीत मांडावा. कोल्हापूरच्या पोसायडनलाही असं दालन मिळावं. ते होईल तेव्हा होईल. तोवर गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जाल तेव्हा रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयासाठी तासभर हाताशी ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या.