पाठीवरचा पाहुणा

मुंबईच्या शाळेत वीस वर्षे शिकविताना आम्ही फळ्यावर एक वाक्य पुष्कळदा लिहिले : 'जो दुसऱ्याच्या अंगावर राहतो, तो परोपजीवी.' उदाहरण बांडगुळाचे. मुले ते पाठ करीत व गुण मिळवीत.

येथे सिडनीस आल्यावर पहिल्याच वर्षी आगगाडीत एक अनोळखी प्रवासी आमच्याकडे पाहून 'दुसऱ्यांच्या जिवावर जगणारे' असे काहीसे बोलला. आम्हांस उत्तर सुचले नाही. आठवले ते आपलेच फळ्यावरचे वाक्य.

गेल्या उन्हाळ्यात मुलीबरोबर पोर्ट हॅकिंगच्या खाडीवर गेलो. या खाडीसमोरील समुद्राच्या नोंदी १९४२ पासून ठेवल्या जात आहेत. त्याआधी १९४० साली डेकिन व कोलफॅक्स या प्राणिशास्त्रज्ञांनी येथील किनाऱ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मुलीने बारीक जाळीने बाटलीभर पाणी गाळून घेतले व घरी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, कोळंबीच्या कुळातला एक कोपेपॉड दिसला. त्याच्या पाठीवर देठ असलेल्या काचेच्या घंटांचा झुबका होता.

"अरेरे, याला कीड लागली!" आम्ही म्हणालो.

"नाही आई, त्या याला खात नाहीत."

मग तिने आम्हांस धडा दिला. प्रत्येक घंटा म्हणजे एकाच पेशीचा संपूर्ण जीव. व्हॉर्टिसेला व झूथॅम्नियम हे याच कुळातले. घंटेच्या तोंडाशी केसांसारख्या तंतूंचे कडे असते. ते पाणी ढवळून त्यातील जीवाणू तोंडात ओढते. अन्न पाण्यातले, यजमानाकडून हवी असते ती केवळ पाय रोवण्यापुरती जागा. यजमान पोहत असल्याने ताजे पाणीही मिळत राहते. किंचित धक्का लागताच देठ क्षणार्धात आखडतो. झूथॅम्नियमचा तर सारा झुबका एकदम.

ही जागाही कायमची नसते. अंड्यातून निघाल्यापासून प्रौढ होईपर्यंत कोपेपॉड साधारणतः अकरा वेळा कात टाकतो. जुन्या कवचाबरोबर पाहुण्याचे घर जाते. तेव्हा त्या घंटेला मागील बाजूस तंतूंचे नवे कडे फुटते, ती देठ सोडून पोहू लागते आणि दुसरा आधार शोधते. आपल्यापैकी ज्यांनी दोन-दोन देश बदलले, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

तथापि शिक्षकाने अर्धेच सांगू नये. झुबके फार वाढले, तर यजमानाला भार होतो; पोहण्यास अधिक श्रम पडतात आणि तो माशांच्या तोंडी सहज सापडतो. म्हणजे कोणास नाव ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत : हा खातो कोठून? आणि याचा भार किती?

आम्ही ते कधीच विचारले नाहीत. बांडगूळ आंब्याचा रस शोषते, हे खरे. परंतु कोकणात त्याच झाडावर वाढणारे ऑर्किड शोषीत नाही, हे मुलांना सांगावयाचे राहून गेले.

त्या मुलांपैकी कोणी आज हे वाचीत असेल. वही तर केव्हाच रद्दीत गेली असेल. मनात ते वाक्य उरले असल्यास त्याने कृपया खोडावे.