खोल पाण्यातला निळा उजेड

आमच्या लातूर-नांदेडकडे खोली फुटांत मोजतात. बोअरची गाडी रात्रभर शेतात घरघरत असते, पांढरा भुकटा उडत असतो आणि भुकट्याचा रंग बदलला की बांधावर बसलेली माणसं उठून पुढे सरकतात. पाषाण संपला का? ओल लागली का? तीनशे, पाचशे, सातशे फूट. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, तरी त्याच्यावर घरदार लावायचं, ही या मुलखाची रीत. म्हणूनच समुद्रापासून इतक्या लांब वाढूनही खोल समुद्राचा ठाव घेणाऱ्यांच्या कथा मला कधी परक्या वाटल्या नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपानं हादरली. गावंच्या गावं गेली. पुढे शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर लाव्हाचा काळा खडक, त्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. तो गाळ लाव्हा येण्याआधीचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांहून जुना. पिढ्यानपिढ्या आपण त्याच्यावर नांगर चालवला, पण तो तिथे आहे हे छिद्र घेतल्यावरच कळलं.

समुद्राचंही असंच झालं. मुंबईच्या गोदीत १८८१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची लाकडी आगबोट बांधली गेली. दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या या बोटीचं मुख्य काम किनाऱ्यांचे नकाशे करायचं आणि पाणी किती वाव खोल आहे ते मोजायचं. पण तिच्यावर एक डॉक्टरही असे. तो खलाशांना औषधपाणी करी आणि समुद्रातून काय निघतं त्याची नोंद ठेवी. १८८८ मध्ये ही जागा आल्फ्रेड अल्कॉक यांना मिळाली. पोलादी दोराला बांधलेलं जाळं शेकडो वाव खाली सोडायचं, तळावरून ओढायचं आणि वाफेच्या यंत्रानं वर खेचायचं. त्यात तासन्‌तास जात. वर येणारा जीव थंडगार अंधारातून एकदम उन्हात आलेला असे. पुष्कळ जीव वर येईपर्यंत मेलेले असत.

एकदा जाळ्यात खोल पाण्यातली कोळंबी जिवंत आली. तिला बादलीत सोडल्यावर तिनं डोक्याजवळून निळसर उजेडाचे लोट सोडले, इतके की बादलीभर पाणी उजळून निघालं. सूर्याचा किरण कधी पोचत नाही तिथला जीव स्वतःचा उजेड स्वतःच तयार करतो, हे त्या डॉक्टरानं डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. केरळच्या किनाऱ्यालगत खोलातून आलेला, विजेचा झटका देणारा आणि डोळे जवळजवळ नाहीसे झालेला पाकट मासाही त्यांनीच जगाला सांगितला. एकाच अंधाराला एका जीवानं दिव्यानं उत्तर दिलं, दुसऱ्यानं डोळ्यांवर पाणी सोडून.

जाळ्यानं वर आणलेलं पाहणं वेगळं आणि स्वतः खाली उतरणं वेगळं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढत जातो. १५ ऑगस्ट १९३४ रोजी बर्म्युडाजवळ विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून ९२३ मीटर खाली गेले. बीब खिडकीतून जे दिसे ते टेलिफोनवर वर सांगत, आणि त्यांच्या वर्णनावरून एल्स बोस्टलमन या चित्रकार बाईंनी ते मासे रंगवले. त्यांतले काही मासे त्यानंतर आजवर कुणाच्या हाती लागलेले नाहीत. ते खरोखर होते का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला बीब यांचं मोल वाटतं ते यासाठी की, क्षणभरच दिसलं म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं नाही. पुराव्याची वाट पाहत गप्प बसले असते, तर पुढच्यांना शोधायला काही उरलंच नसतं.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आपली मुलं आहेत. ‘लातूर पॅटर्न’नं घरोघरी डॉक्टर घडवले, नांदेडही त्याच वाटेवर आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. पण अल्कॉकही डॉक्टरच होते, आणि समुद्रावर येण्याआधी त्यांची नोकरी पंजाबच्या पलटणीत होती. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला आहे. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना ६००० मीटर खाली नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तयार करते आहे. जीवशास्त्रात शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या आपल्या मुलामुलींना या दोन संस्थांची नावं आपण कधी सांगितली आहेत का? पालकांनो, शिक्षकांनो, येत्या दहावी-बारावीच्या वर्गात ती एकदा जरूर सांगा. न दिसणाऱ्या खोलीवर भरवसा ठेवायला आपल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.