राज्य माझ्यावर

जव्हार तालुक्यातल्या एका निवासी शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं: ओढ्यावर कुणी जायचं नाही. महिनाभरात पाचवीतला एक मुलगा ओल्या केसांनी सापडला. सगळ्यांसमोर त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. वर म्हणालो, ‘‘अंगात फार मस्ती आहे ना? जिरव.’’ तो पळाला, रडला नाही. त्याचाही मला राग आला होता.

मुलांच्या जिवाची काळजी, असं मी सांगत असे. खरी काळजी माझ्या नोकरीची होती. त्याच्याही तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करणं जास्त जड जातं. मी दादरचा. शिवाजी पार्कजवळच्या तलावात पोहायला शिकलो. पन्नास मीटर जायचं, पन्नास मीटर यायचं. पोहणं म्हणजे एवढंच, असं डोक्यात बसलेलं. ओढ्यातला आरडाओरडा म्हणजे उनाडपणा, आणि ही मुलं उनाडच असणार, हे मी इथली एसटी पकडण्याआधीच ठरवलं होतं. मुंबईच्या नळांना पाणी पुरवणारी वैतरणा शेजारच्या मोखाड्यातून वाहते. तिच्या पाण्यावर मी वाढलो, आणि इथे येऊन मुलांना पाण्याची बंदी केली!

मग ऑक्टोबर आला. पाऊस उघडला होता. श्रमदान म्हणून मुलांना घेऊन ओढ्यावर वनराई बंधारा घातला: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, एकावर एक रचायच्या. दोन दिवसांत मागे कमरेएवढं पाणी तुंबलं. मुलं चिखलाने माखलेली. ‘‘सर, अंग धुऊ?’’ मी घड्याळ बघून म्हणालो, ‘‘पाच मिनिटं.’’

पाण्यात उतरताच त्यांनी शिवाशिवी सुरू केली. नियम साधा: डोकं पाण्याखाली असेल तोवर शिवायचं नाही. म्हणजे बुडी मारली की अभय, पण दम संपला की वर यावंच लागणार, आणि राज्यवाला तिथेच टपलेला. मी काठावर शिट्टी धरून उभा होतो. कुणीतरी माझ्यावर पाणी उडवलं. का कोण जाणे, मी शर्ट काढून उतरलो.

उतरताच माझ्यावर राज्य आलं, ते उतरेचना. हात मारत पोहायला जावं तर मूल वळून कधीच पसार. धावावं तर मांड्या शिशासारख्या जड. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मांड्यांना ते त्या दिवशी कळलं. मुलं मात्र उड्या मारत होती, बुडत होती, उलटी फिरत होती. पडली तरी गुडघा फुटत नव्हता. मैदानावर दोन फेऱ्यांत ‘पोटात दुखतंय’ म्हणून बसणारी इथे थांबायचं नाव घेत नव्हती. आणि ज्याच्या मागे मी सर्वात जास्त वेळ लागलो, तो तोच पाचवीतला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर येऊन बुडी मारायचा. एकदा वर आला, तोंडातलं पाणी थुंकला आणि हसत म्हणाला, ‘‘सर, दम धरा.’’

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ज्याला मी व्यायामाची शिक्षा केली, तो मला व्यायाम शिकवत होता, आणि त्याच्या मनात त्या फेऱ्या उरल्याही नव्हत्या. माझ्या मनात त्या पहिल्यांदाच आल्या. धापा टाकत मी गोण्यांवर जाऊन बसलो. घड्याळ पाहिलं तर पाऊण तास झाला होता.

भीती खोटी नव्हती, हेही लिहितो. दाभोशाच्या धबधब्याखालच्या डोहाकडे मी आजही मुलांना फिरकू देत नाही. पावसाळ्यात ओढाही बंदच. पण बंधाऱ्यात आता तासिका असते: कमरेपर्यंतच पाणी, आडवा बांधलेला दोर, काठावर एक मोठं माणूस, दर दहा मिनिटांनी डोकी मोजणं. गारगोट्या टाकून बुडी मारून वेचायच्या, हात धरून साखळीने पकडायचं, असे खेळ मुलंच काढतात. मी फक्त मोजतो.

उन्हं तापली की बंधारा आटतो आणि आम्ही पुन्हा मैदानावर येतो. तो मुलगा आता सातवीत आहे. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.